खिडकीकडचा आवाज

५ जानेवारी

प्रिय खुटखुट्या,

पत्र बघून दचकू नकोस. कुणीही गेलेलं नाही, मीसुद्धा नाही. फोन करता आला असता, पण अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली, आता त्या ठोकळ्याचं तोंड बघवत नाही. यापुढे मी पत्र लिहिणार, तूही लिही. तुझं अक्षर तरी सुधारेल.

काम असं आहे. रविवारी साहेब आला होता. स्वतःच्या मुलाला साहेब म्हणते म्हणून तू हसतोस, पण पाळण्यात होता तेव्हापासून तो हुकूमच सोडतोय. हल्ली बाटल्यांच्या कारखान्यात सोडतो, एवढाच फरक. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. शेजारी किटली शिट्टी मारत होती म्हणे. म्हणे! मी वाचनात गढले होते. तेवढ्यावर थांबला तर तो साहेब कसला? बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने रेकॉर्ड प्लेअर तपासला. डाव्या-उजव्या आवाजाचं बटण मी बरंच उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, फिरवून ठेवलेलं त्याला दिसलं. "आई, हे असं का?" मी म्हटलं, खिडकीकडच्या स्पीकरचा आवाज बारीक येतो, रेकॉर्डवर सुई धरणारा तो हात बिघडलाय. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला ना, ती नजर मी ओळखते. त्याच नजरेने त्याने त्याच्या बाबांची मोटारसायकल विकली होती.

जाता जाता सहज म्हणाला, "आमच्याकडे जिन्याखालच्या खोलीला रंग देऊन झालाय." मी विचारलं नव्हतं.

मला माझं घर सोडायचं नाही. इथे कुठला नळ किती पिळायचा ते माझ्या मनगटाला ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या त्या पेटीतला एखादा जुना, बरा हात पाठवून दे. खिडकीकडचा आवाज परत आला की साहेबाचं तोंड बंद.

शिवाय आणखी एक. मी कुठली रेकॉर्ड लावते ते तुला माहीत आहे. एक्स्चेंजच्या वाढदिवसाला आम्हा बायकांच्या गायनमंडळाची काढली होती ती. कपाटाकडच्या स्पीकरमध्ये आमची सुपरवायझर, घंटाबाई. खिडकीकडच्यात मी. सध्या माझ्या घरात घंटाबाई एकटीच गातेय आणि मी गायब आहे. हे मी सहन करणार नाही.

आत्या


१४ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. समोर औषधवाल्याचा वजनकाटा दुरुस्तीला उघडून बसलो होतो. तो बिचारा म्हणाला, "सरकारी आहे का?" मी म्हटलं, त्याहून वरचं आहे.

सोबत एक पेटी पाठवतोय. तुझ्या मशीनला मी मागे सुटी फळी बसवून दिली होती, आठवतंय ना? दोन स्क्रू काढले की हातासकट फळी बाहेर येते. पाठवीन तो प्रत्येक हात तशाच फळीवर बसवून, सुई लावून, तोल साधूनच पाठवीन. तू फक्त स्क्रू पिळायचे आणि वायर अँप्लिफायरला खोचायची. सुईचा हात म्हणजे शेवटी काटाच. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वजन, मध्ये तोल. म्हणून तर मला त्यांचं वेड. बायको म्हणते, माणसं टपाल तिकिटं जमवतात, निदान ती चपटी असतात.

हा पहिला हात लाकडी आहे. त्याला बिजागरी नाही, खालून एका टोकदार खिळ्यावर नुसता टेकवलेला असतो. खिळ्याभोवतीच्या वाटीत मधासारखं घट्ट तेल घालायचं, बाटली सोबत आहे. जास्त घालू नकोस.

आणि हो, साहेबाशी माझं कित्येक महिन्यांत बोलणं झालेलं नाही. सहज सांगितलं.

तुझा,
खुटखुट्या


२७ जानेवारी

खुटखुट्या,

तुझा लाकडी पाहुणा आला. देखणा आहे, पण जेवणावर झोप अनावर झालेल्या माणसासारखा डुलतो. उचलायला गेले की डावीकडे कलतो, ठेवायला गेले की उजवीकडे. तेल जास्त घालू नकोस म्हणालास म्हणून मी जपून घातलं. तरी ते वाटीतून फळीवर, फळीवरून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या चष्म्यावर कसं आलं ते विचारू नकोस. दोन दिवस जग मऊ दिसत होतं.

पण वाजतो गोड! घंटाबाईच्या गळ्यातली ती कात्रीसुद्धा बोथट झाल्यासारखी वाटली. फक्त तीच वाटली हे दुःख आहे. खिडकीकडून अजून नुसती हवा येते. लाकूडच ते, एका बाजूला वाकलं असेल. दुसरा हात पाठव.

एक विचारते. साहेबाशी बोलणं झालं नाही, हे मी कुठे विचारलं होतं?

आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

लाकूड वाकलेलं नाही, पण तुझ्याशी वाद कोण घालणार!

आता धातूचा पाठवतोय. याची गंमत बघ. रेकॉर्ड फिरते तेव्हा ती सुईला मधल्या भोकाकडे ओढत असते. त्या ओढीत सुई खाचेच्या एकाच भिंतीला जास्त घासली तर एका बाजूचा आवाज बिघडतो. म्हणून या हाताला बाहेरून एक दोरा बांधलेला आहे, दोऱ्याला चिमुकलं वजन. ते वजन त्याला उलट ओढत राहतं. दोन बाजूंच्या ओढाताणीत हात मधोमध चालतो. (बायको म्हणाली, हे तुम्ही माझ्या आणि तुमच्या आईच्या मध्ये का नाही शिकलात?)

खिडकीकडची तक्रार यानेच जाईल असं मला मनापासून वाटतंय.

तू पुन्हा साहेबाचं काढलंस. अगं, बोलणं नाही म्हणून बोलणं नाही म्हटलं. तब्येत कशी आहे तुझी? रात्री दाराची घंटा वगैरे ऐकू येते ना? नाही, सहज विचारलं.

खुटखुट्या


१९ फेब्रुवारी

सहज विचारणाऱ्या खुटखुट्या,

दाराची घंटा वाजवणारे रात्री माझ्याकडे येत नाहीत. माझं वय झालं.

तुझं चिमुकलं वजन पेटीत नव्हतं. काटेवाल्यांच्या दुकानातून वजनच यायचं राहिलं, याला काय म्हणावं? दोरा नुसता लोंबत होता. पण मी काही हात टेकणारी बाई नाही. आधी शर्टाचं बटण टांगलं. हात रेकॉर्डच्या बाहेरच पळाला. मग साबुदाण्याएवढा मणी टांगला, तो कमी पडला. शेवटी माझ्या कानातल्याची फिरकी टांगली आणि काय सांगू, असा शहाण्यासारखा चालायला लागला! आता उजव्या कानात काही घालता येत नाही. असू दे. त्या कानाचा तेवढा तरी उपयोग झाला.

खिडकीकडचा आवाज अजून बारीकच आहे. तेव्हा हाही हात बिघडलेला आहे.

शनिवारी साहेब येऊन गेला. त्याने फिरकी बघितली, दोरा बघितला, माझा रिकामा कान बघितला आणि खुर्चीत बसून डोकं धरलं. मग माझ्या पाठीमागे जाऊन काहीतरी बोलला म्हणे. मी वळले नाही. तेव्हा समोर येऊन त्याने पिशवीतून पडद्याच्या कापडाचे तुकडे काढले आणि टेबलावर मांडले. "यातला कुठला आवडतो, आई?" मार्चच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे. टेम्पो! मी काय कपाट आहे?

मी म्हटलं, हाताचं काम चालू आहे, तोवर मी कुठे हलणार नाही. तो "बरं" म्हणाला. त्याचं "बरं" म्हणजे काय ते कारखान्यातल्या लोकांना विचार.

लवकर काहीतरी पाठव रे. थट्टा पुरे.

आत्या


१ मार्च

आत्या,

वजन माझ्या सोनाराच्या काट्यात सापडलं. त्याचा काटा आठवडाभर खोटं बोलत होता आणि मी त्याची दुरुस्ती करत बसलो होतो. फिरकी परत घाल कानात.

आता माझ्याकडची सगळ्यात विचित्र वस्तू. हा हात गोल वळतच नाही. छोट्याशा रुळावरून खेकड्यासारखा आडवा चालत रेकॉर्डच्या मध्यापर्यंत जातो. रूळ मऊ कापडाने पूस, तेल लावू नकोस. तुझ्या चष्म्याची मला काळजी आहे.

याचा एक नियम आहे, तो मात्र पाळायचा. हा हात ऐकताना एकदा समोर तोंड करून ऐकायचं आणि एकदा खुर्ची उलटी करून, स्पीकरांकडे पाठ करून. जुने रेडिओवाले असंच करत. हात लाजरा असतो, तोंडासमोर नीट वाजत नाही. दोन्ही वेळा कुठल्या बाजूचा आवाज बारीक वाटतो ते मला कळव, खिडकीकडचा की कपाटाकडचा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पडद्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. फिकट हिरव्या भिंतींना कुठलाही रंग शोभतो.

खुटखुट्या


९ मार्च

अरे लबाडा,

जिन्याखालच्या खोलीला रंग दिलाय एवढंच मी लिहिलं होतं. फिकट हिरवा हे तुला कुणी सांगितलं? मलाच माहीत नव्हतं.

म्हणजे कित्येक महिन्यांत बोलणं नाही ते हे. किती दिलं रे त्याने तुला हेरगिरीचं? की बाटल्या दिल्या?

आणि लाजरा हात म्हणे! एक्स्चेंजमध्ये ग्राहक तक्रार करायचा, "पलीकडचं ऐकू येत नाही." आम्ही काय करायचो? आधी जोडणीची दोरी बदलायची, मग ती खोचायची खोबण, मग लाइन. सगळं बदलूनही तक्रार तीच राहिली तर आम्ही बाया एकमेकींकडे बघून डोळा मारायचो. दोष ग्राहकाच्या कानात. तू माझे हातांमागून हात बदलतोयस आणि आता खुर्ची फिरवायला सांगतोस. ज्या शाळेत तू शिकायला आलायस तिथे मी हेडबाई होते.

तर खुर्ची फिरवायची नाही असं ठरवून मी झोपले. सकाळी उठून फिरवली.

समोर तोंड करून बसले तेव्हा नेहमीसारखीच घंटाबाई. मग उठले, खुर्ची उलटी केली, भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर ओल आली आहे हे त्यानिमित्ताने कळलं. तुझा खेकडा पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवला. आणि घंटाबाई गेली रे! कपाटाकडचा आवाज एकदम कागदासारखा पातळ झाला आणि खिडकीकडून मी आले. तीच मी. दुसऱ्या कडव्याला श्वास संपत आलाय तरी न सोडणारी. पाठ फिरवली तेव्हा मला मी ऐकू आले. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

खिडकीचा दोष नाही, स्पीकरचा नाही, तुझ्या एकाही हाताचा नाही. बिघडलाय तो यंत्र लावायचा माझा कान, उजवा. डावा मोकळा ठेवावा लागायचा, घंटाबाईच्या आरडाओरड्यासाठी. तोच शाबूत राहिला आहे. देवाकडेही तिचा वशिला असणार.

मला हे गेल्या वर्षीपासून माहीत आहे. तुला हातांची तक्रार लिहिली कारण बिघडलेला हात बदलता येतो.

आता साहेबाला काय कळवायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. मार्चचा शेवटचा रविवार फार लांब नाही.

आत्या


१५ मार्च

आत्या,

पकडलंस. कान धर माझा, तुला आवडेल तो.

साहेबाचा फोन तुझ्या पहिल्या पत्राच्या आदल्या दिवशी आला होता. "हात बिघडलाय की आई, ते शोधून काढ आणि तिला कळू देऊ नकोस." त्याला वाईट वाटत होतं, हेही सांगतो. मग म्हणाला, "ती किटली जळली असती रे." मला नाही म्हणता आलं नाही.

तू म्हणतेस तू ठरव. मी काटे दुरुस्त करणारा माणूस. पारड्यात बोट घालायचं नाही, हे एवढंच मला येतं. खोटं कळवलं तर तुझ्या बाजूने बोट घातल्यासारखं, खरं कळवलं तर त्याच्या. म्हणून मी साहेबाला एवढंच कळवलंय: "तपास संपला. येऊन स्वतः ऐक, आईच्या खुर्चीत बसून. मग तीच सांगेल." टेम्पो आणू नकोस असंही म्हणालो. तो म्हणाला, "बघू."

सोबत जो येतोय तो शेवटचा हात. रेडिओ स्टेशनातला आहे, जवळजवळ तुझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. फळीवर मावत नाही म्हणून त्याला स्वतःची लाकडी पेटी केली आहे, ती मशीनच्या बाजूला ठेवायची. खेकडा काढू नकोस, दोघेही राहू देत. हा त्या काळचा आहे जेव्हा रेकॉर्डला डावं-उजवं नव्हतं, सगळं एकच. मी त्याला नवी सुई लावली आहे आणि दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र जोडल्या आहेत. डावीकडे जे, तेच उजवीकडे. कुठूनही ऐक, कुठल्याही कानाने ऐक, काही सुटणार नाही.

आता खरंच सांगतो, मला तुझी काळजी वाटते. पण तुझ्या कानांची नाही.

खुटखुट्या


१ एप्रिल

प्रिय खुटखुट्या,

आजची तारीख बघून शंका घेऊ नकोस. पुढचं सगळं खरं आहे.

रविवारी साहेब आला. टेम्पो आणला होता. खाली उभा करून, ड्रायव्हरला थांबायला सांगून वर आला. मी चहा केला. किटली नवी आणली आहे, पाणी उकळलं की आपली आपण बंद होते, शिट्टी नाही नि नाचक्की नाही. त्याने तिचं बटण दाबून बघितलं.

मी ठरवलं होतं की तोंडाने सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. "साहेब, माझा उजवा कान गेला आहे, पण मी कुठेही जाणार नाही." पण म्हटलं, खुटखुट्याने सांगितलंय ना, आधी त्याला ऐकू दे. बसवला माझ्या खुर्चीत. बटण मधोमध आणलं. तुझा खेकडा रुळावर सोडला.

साहेब डोळे मिटून ऐकू लागला. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि असा खूश झाला म्हणून सांगू! "आई, तू म्हणत होतीस ते बरोबर आहे! मशीन बिघडलंय. कपाटाकडचा आवाज येतच नाही."

कपाटाकडचा!

मी पदर तोंडाशी धरला. म्हटलं, "हो का? बरं, आता ऊठ आणि खुर्ची फिरव." "का?" "हात लाजरा आहे." बाटल्यांच्या कारखान्याचा मोठा साहेब निमूट भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "अरेच्चा. आता खिडकीकडचा बिघडला." उठला, खिडकीकडच्या स्पीकरला टपली मारली. कपाटाकडच्याला कान लावला. वायर हलवली. पुन्हा खुर्चीत बसला. पुन्हा फिरला. मी मध्ये बोलले नाही. असल्या वेळी ऑपरेटरने लाइनवर बोलायचं नसतं.

मग तो थांबला. हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. इतकी वर्षं त्या बाटल्यांच्या खणखणाटात याच्या कानाचं काय होत असेल, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आई असून. लहानपणी कान फुटला की माझ्याच मांडीवर डोकं ठेवायचा.

"आई," तो म्हणाला, "तुझा कुठला?"

"उजवा."

"माझा डावा."

आणि मग आम्ही दोघं जे हसत सुटलो! खालून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तो आम्हा दोघांनाही ऐकू आला, तरी कुणी उठलं नाही. मी म्हटलं, "दोघांत मिळून एक जोडी कान. आता कुणी कुणाकडे राहायला जायचं ते सांग." साहेब म्हणाला, "बघू." पण या वेळचं "बघू" ऐकायला बरं वाटलं. खाली जाऊन त्याने टेम्पो रिकामा पाठवला. जिन्याखालच्या फिकट हिरव्या खोलीत तो सायकल ठेवणार आहे. पडद्याचं कापड मी ठेवून घेतलंय, त्यातला एक तुकडा खरंच छान होता. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे आम्ही दोघं जातोय. बाकावर तो माझ्या डावीकडे बसेल. म्हणजे त्याचा उजवा माझ्या डाव्याशेजारी, कुजबुजता येईल.

निघायच्या आधी तुझा लांब हात लावला. तू म्हणालास तसंच झालं. घंटाबाई आणि मी, दोघी एकाच जागेवरून. ती तिकडे नि मी इकडे हा प्रकारच राहिला नाही. इतक्या जवळ आम्ही कधी उभ्या नव्हतो, ती उभं राहू देती तर ना! साहेब म्हणाला, "तुझा कुठला यातला?" मी म्हटलं, ओळख. त्याने दोनदा घंटाबाईचाच आवाज दाखवला. कारट्याला मी जन्म दिलाय.

तुझ्या सगळ्या पेट्या परत पाठवते. खेकडा आणि लांब हात तेवढे पाठवणार नाही. त्यांना इथली सवय झाली आहे.

आत्या

ता. क. एक सांगायचं राहिलं. फोनचा कंटाळा आलाय असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं हे तू ओळखलं असशीलच. पण आणखी एक ऐक. मी जन्मभर रिसीव्हर उजव्या कानालाच लावत आले. हाताला तेवढंच ठाऊक. डावा कान मोकळा असतो, तो वापरून बघावा, हे मला, एक्स्चेंजच्या जुन्या ऑपरेटरला, वर्षभर सुचलं नाही. काल सकाळी रिसीव्हर डाव्या हातात घेतला. अगदी परक्या बाईचा हात उचलल्यासारखं वाटलं. दुसरा कुठला नंबर पाठ नव्हता म्हणून आपल्या जुन्या एक्स्चेंजचा लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही." शब्द न् शब्द ऐकू आला रे. मी पुन्हा लावला. ती पुन्हा म्हणाली.